मुठीवर भाळू नका, आधी पीळ पाहा

यवतमाळकडच्या एका भावाने विचारलं आहे. आजोबांच्या लोखंडी पेटीत बाटलीचं बूच काढायचा एक जुना स्क्रू सापडला. लाकडी मूठ, मुठीच्या एका टोकाला अर्धा इंच खोल भोक, खाली रुपयाएवढी लोखंडी चकती आणि चकतीखाली पीळ. गावातल्या भंगारवाल्याने वीस रुपये सांगितले, भाच्याने मोबाइलवर तसलाच चाळीस हजारांना पाहिला. हे नेमकं काय आहे, खरी किंमत काय, गंज कसा काढायचा आणि असल्या चमत्कारिक कॉर्कस्क्रूंचा संग्रह आपल्या भागात राहून जमतो का, असे त्यांचे चार प्रश्न.

शेवटचा आधी घेतो. जमतो. मी हिंगणघाटजवळ राहतो, म्हणजे वर्धा जिल्ह्यात, म्हणजे दारूबंदीत. वाइनची बाटली मी आयुष्यात उघडलेली नाही आणि माझ्याकडे आज एकशे चाळीसच्या वर कॉर्कस्क्रू आहेत. बायको येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते, "घरात बाटली एक नाही, अन् बूच काढाचे हत्यारं दीडशे!" एकतीस वर्षं जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होतो. आटे, दाते, तरफ, पिनियन यातच हात काळे झाले. त्यामुळे मला या वस्तूत दारू कधी दिसलीच नाही, यंत्र दिसलं. घट्ट बसलेली वस्तू न फोडता सरळ वर कशी ओढायची, एवढाच तो प्रश्न आणि त्याला माणसाने शोधलेली शेकडो उत्तरं.

पहिला कॉर्कस्क्रूही जिनातच मिळाला. जुन्या ऑफिसची टेबलं भंगारात काढली तेव्हा एका खणात तो पडलेला होता. आमचा एक म्हातारा मजूर तो पाहून हसला. म्हणाला, "अरे, हे तं आपल्या गाठीतून रुई काढाचं होय." त्याच्या उमेदीच्या काळात दाबलेल्या गाठीतून नमुन्याची रुई ओढून काढायला लोक तो वापरत. गाठीत पीळ फिरवायचा अन् खेचायचा, की बोटभर रुई बाहेर. साहेबाची बाटली गेली, साहेब गेला आणि हत्यार कापसाला लागलं. माझा या छंदातला जीव इथेच अडकला. अशी जागा बदललेली, काम बदललेली वस्तू मला पितळी सिंहाच्या मुठीपेक्षा जास्त विचित्र वाटते. तुम्ही 'चमत्कारिक' म्हणता तेव्हा मनात बहुतेक सिंह असतो, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलं.

आता तुमच्या वस्तूकडे येतो. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून ती हेन्शल पद्धतीची आहे. सॅम्युअल हेन्शल हा इंग्लंडमधला पाद्री. त्याने १७९५ मध्ये कॉर्कस्क्रूचं पेटंट घेतलं. कॉर्कस्क्रूला मिळालेलं ते पहिलं पेटंट धरतात. माल बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने काढला. हा तोच बोल्टन, ज्याने जेम्स वॉटबरोबर वाफेची इंजिनं केली. हेन्शलने नवीन केलं ते फक्त ही चकती. पण त्या चकतीत काय अक्कल आहे पाहा. पीळ बुचात पूर्ण उतरला की चकती बुचाच्या डोक्यावर टेकते. त्यानंतर पीळ आणखी खोल जात नाही. तरी मूठ फिरवत राहिलं की बूचच काचेच्या आत फिरायला लागतं. बूच काचेला घट्ट चिकटून बसलेलं असतं, ती पकड या फिरण्याने सुटते. मग ओढायला कमी जोर पुरतो. गंजलेला बोल्ट काढताना आपण आधी किंचित फिरवून 'मोकळा' करतो ना, तसंच. चकतीच्या खालच्या बाजूला बहुधा खाचा किंवा कंगोरे असतात, ते बुचाला धरून ठेवण्यासाठी. अस्सल पेटंटवाल्या नगावर 'ऑब्स्टान्डो प्रोमोवेस' अशी लॅटिन अक्षरं असतात. अडवून पुढे नेतो, असा काहीसा त्याचा अर्थ. चकतीचंच वर्णन ते.

मुठीचं भोक ब्रशसाठी आहे. त्यात ताठ केसांचा छोटा ब्रश बसवलेला असे. तळघरात पडून राहिलेल्या बाटलीच्या मानेवरची धूळ आणि लाखेचा चुरा त्याने झाडायचा, म्हणजे बूच निघताना तो आत पडत नाही. केस किडीने खाल्ले, भोक राहिलं. हे भोक खिळा मारून किंवा एम-सील भरून कृपा करून बुजवू नका. मी असे दोन नग पाहिले आहेत आणि दोन्ही वेळा मालकाने ते अभिमानाने दाखवले.

हेन्शलची नक्कल नंतर शंभर वर्षं होत राहिली. त्यामुळे चकती आहे म्हणजे १७९५ चा नग, असं होत नाही. चकतीवर लॅटिन अक्षरं असतील तर गोष्ट वेगळी. नुसत्या कारखान्याचं नाव असेल किंवा काहीच नसेल, तर तो एकोणिसाव्या शतकातला चांगला पण साधा नग आहे. अशांना इंग्लंडच्या बाजारात आपल्या हिशेबाने काही हजार रुपये मिळतात, चाळीस हजार नाही. भाच्याने पाहिला तो मागितलेला भाव होता. मागायला काय, माझ्या सायकलचे मी लाख मागीन. लिलावाच्या संकेतस्थळांवर 'विकले गेलेले' असं वेगळं गाळता येतं, ते लावून पाहा, डोकं थंड होतं.

आता पीळ. हा भाग सावकाश वाचा, कारण नवखा माणूस फसतो तो इथेच. सगळे मूठ पाहतात. पीळ पाहायला हवा.

घरातली उदबत्तीची काडी घ्या आणि पिळाच्या मधोमध टोकाकडून वर सरकवा. काडी आरपार गेली तर पीळ पोकळ आहे, म्हणजे तार वळवून केलेला. चांगला पीळ हाच. तो बुचातून आपली वाट काढत जातो, बूच कातरत नाही. काडी जात नसेल, मधे भरीव दांडा आणि त्याच्या कडेने आटे असतील, तर तो आर्किमिडीज पद्धतीचा. तोही अस्सल आणि जुना असू शकतो, पण जुनाट ठिसूळ बुचात त्याने भोक पडतं आणि हाती भुसा येतो. पोकळ पिळाच्या तारेवर बाहेरून बारीक खाच कोरलेली दिसली तर खुशाल दोन पैसे जास्त द्या. ती खाच पकड वाढवण्यासाठी मुद्दाम काढत, आणि ते जास्त मेहनतीचं काम.

मग टोक. टोक पिळाच्याच वळणात पुढे गेलेलं असतं, मध्यावर आलेलं नसतं. मध्यावर आलेलं आणि बोथट दिसलं की समजायचं, मूळ टोक मोडलं आणि कोणीतरी कानशीने घासून नवं केलं. मोजून पाहा: शेवटचा वेढा वरच्या वेढ्यांपेक्षा आखूड वाटतो. मोडक्या टोकाच्या नगाला मी निम्म्याहून जास्त कधी देत नाही, मूठ कितीही गोजिरवाणी असो.

आपल्या बाजारात यातली निम्मी हत्यारं गिरमिट म्हणून विकली जातात. गेल्या उन्हाळ्यात आठवडी बाजारात एक कबाडी मला सांगत होता, "हे गिरमिट घ्या जी, जुन्या सुताराचं हाय. पण लाकडात काही घुसत नाही." घुसणार कसं! गिरमिटाचं टोक लाकूड कातरतं आणि त्याची नाळ भुसा वर टाकते. याला कातरायची धारच नाही. मी काही बोललो नाही. गिरमिटाचे साठ रुपये दिले आणि घरी आणला. पिळाच्या आत एक खुंटी अडकवलेली होती. खुंटी ओढून काढायची, दांड्याच्या वरच्या नेढ्यात आडवी घालायची, झाली मूठ. प्रवासात पिळाचं टोक कपड्यात घुसू नये म्हणून ती खुंटी एरवी पिळातच राहते. गंजाने दोन्ही एकजीव झाले होते, म्हणून त्या बिचाऱ्याला ते दोन तुकडे आहेत हे दिसलंच नव्हतं.

उलट फसगतही होते. मेळघाटातून एकाने मला 'फार जुना कॉर्कस्क्रू' म्हणून दाखवला तो होता भरमार, म्हणजे ठासणीच्या, बंदुकीच्या गजाचा पीळ. नळीत अडकलेला बार आणि चिंध्या काढायला तो गजाच्या टोकाला बसवत. ओळखायची खूण म्हणजे बहुधा एकमेकांत गुंतलेल्या दोन तारा, दोन टोकं, आणि वर मूठ नसून गजावर बसवायचे आटे. आणि गंमत अशी की तो अगदीच परका नाही. कॉर्कस्क्रू निघाला तो असल्याच बंदुकीच्या पिळावरून, असं जाणकार मानतात. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वस्तूंची यादी नेहमिया ग्रू याने १६८१ मध्ये केली, तिच्यात बाटलीतलं बूच ओढायच्या पोलादी पिळाचा उल्लेख आहे. इतका जुना लेखी उल्लेख दुसरा मला माहीत नाही. मेळघाटवाल्याचा नग मी घेतला. कॉर्कस्क्रूंच्या पेटीत तो आजोबा म्हणून ठेवला आहे.

यांत्रिक नगांबद्दल मी तासभर बोलू शकतो, पण दोनच सांगतो. एडवर्ड थॉमेसन, हाही बर्मिंगहॅमचा, पेटंट १८०२. पितळेचं नळकांडं, वर हाडाची मूठ, मुठीला ब्रश. मूठ एकाच दिशेने फिरवत राहायची. आधी पीळ बुचात उतरतो, आणि तो पूर्ण उतरला की तुम्ही दिशा न बदलता फिरवत राहिलात तरी बूच वर नळकांड्यात चढायला लागतं. हे कसं, हे मला पहिल्यांदा हातात घेतल्यावर रात्रभर उलगडलं नव्हतं. खोलून पाहिल्यावर कळलं. आत दोन स्क्रू आहेत, एकात एक, आणि त्यांचे आटे उलट दिशांचे. आतला टेकला की बाहेरचा सुरू. फिटर माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं असं काम आहे, तेही १८०२ चं. नळकांड्यावर बऱ्याचदा इंग्लंडच्या राजचिन्हाचा पत्रा आणि 'ने प्लस अल्ट्रा' ही अक्षरं असतात.

दुसरा विअर याच्या पेटंटचा, १८८४ चा. जुन्या दुकानांना जाळीचं सरकतं लोखंडी दार असायचं, ते बंद करताना पट्ट्या कशा लांबतात? तसाच. पीळ बुचात फिरवायचा आणि वरची मूठ ओढायची, पट्ट्यांची जाळी लांबत जाते आणि जोर कितीतरी पट होतो. माझ्याकडे याचा एकच नग आहे, नागपूरच्या इतवारीत एका भंगारवाल्याकडे लोखंडाच्या ढिगात मिळाला. पट्ट्यांवरचं निकेल गेलं आहे, पण सगळे रिव्हेट मूळचे आहेत. रिव्हेट बदललेला असेल तर त्याचं डोकं जास्त गोल आणि जास्त चकचकीत दिसतं. असा नग दुरुस्त केलेला असतो. घ्यायला हरकत नाही, पण भाव तसा द्या.

याशिवाय दातेरी पट्टीवाले, लुंड याच्या १८५५ च्या पेटंटचे तरफवाले, दोन हात वर करणारे हीलीचे १८८८ चे, हे सगळे कधी ना कधी दिसतील. आणि हॉटेलातला वेटर खिशातून चाकूसारखा उघडतो ना, त्याचं पेटंट जर्मनीतल्या रॉस्टॉकच्या कार्ल विंके याने १८८२ मध्ये घेतलं. तो दुर्मिळ नाही. मात्र जुना नग मिळाला तर सोडू नका.

यातून एक गोष्ट लक्षात आली असेल. कॉर्कस्क्रूच्या दुनियेत जे चाललं ते स्वस्त आहे आणि जे फसलं ते महाग. पेटंट घेतलं, दोनचारशे नग केले, लोकांना वापरता आले नाहीत, कारखान्याने बंद केले. तेच आज संग्राहक शोधतात. म्हणून एखादा नग हातात घेतल्यावर 'हे कशाला असं केलं असेल बुवा?' असं वाटलं, तर तो लगेच खाली ठेवू नका.

इंग्लिश नगावर ठशात समभुज चौकट दिसली, तिच्या डोक्यावर गोल आणि गोलात रोमन एक, तर ती धातूच्या वस्तूच्या डिझाइनची नोंद आहे, १८४२ ते १८८३ मधली. चौकटीतली अक्षरं वर्ष सांगतात: १८६७ पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात, १८६८ पासून उजव्या. १८८४ पासून चौकट गेली आणि नुसता नोंदणी क्रमांक आला. जर्मन नगावर डी.आर.जी.एम. (तिथल्या नोंदणीचा ठसा) असेल तर तो १८९१ च्या आधीचा नाही. ही अक्षरं खूप बारीक असतात. शाळेतल्या मुलाचं भिंग पुरतं, आणि मोबाइलचा टॉर्च कडेने आडवा धरायचा. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही.

बनावट मालाबद्दल थोडं. आपल्या देशात पितळी 'अँटिक' खूप ओततात. नांगराच्या आकाराची मूठ, किल्लीच्या आकाराची, जलपरी, हत्ती. वाळूच्या साच्यातून निघालेल्या पितळेवर बारीक खरबरीतपणा राहतो आणि कोरीव रेघांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. हिरवा डाग फक्त खाचांत भरलेला आणि उंचवटे चकचकीत, हे रसायनाचं काम. खरा वापर हात लागतो तिथे झिजवतो. म्हणून वस्तू हातात धरा, बूच ओढायला बसलात असं समजा, आणि तुमची बोटं जिथे टेकतात तिथे झीज आहे का ते पाहा. झीज भलत्याच ठिकाणी असेल तर ती कुठल्या तरी वर्कशॉपात झाली आहे. शिवाय जुनी मूठ एकाची, पीळ दुसऱ्याचा अशी लग्नं लावतात. परदेशातून ऑनलाइन मागवलेला एक नग माझ्याकडे असाच आला: मूठ जुनी, दांडा नवा, जोडावर पितळी वेल्डिंग. फोटोत जोड अंगठ्याखाली झाकला होता. तेव्हापासून अंगठा काढलेला फोटो मागतो.

आपल्या भागात कुठे शोधायचं? कामठीला १८२१ मध्ये छावणी बसली, अचलपूरला हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या नावाच्या फौजेची होती, चिखलदऱ्याला गोऱ्यांचे बंगले होते. रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोचली, कापसाच्या मागे दलाल, इंजिनिअर, जिनवाले आले. त्यांच्या पेट्या, टेबलं, कपाटं लिलावात गेली, वाड्यांत आली, माळ्यावर चढली. पण एवढ्यावरच शोधलंत तर वाइनचे चार मोठे नग मिळतील आणि थांबाल. विदर्भातला खरा साठा दवाखान्यांत आणि दुकानांत आहे. मुद्दा साधा आहे. अमेरिकेत विल्यम पेंटरने १८९२ मध्ये पत्र्याचं दातेरी झाकण काढलं, त्याच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं जगातली जवळपास प्रत्येक पातळ वस्तू बुचाच्या बाटलीत येत होती. औषध, शाई, सॉस, व्हिनेगर, केसांचं तेल. दोन इंचांचे चिमुकले कॉर्कस्क्रू त्यासाठी होते. अमेरिकेत विल्यम क्लफने १८७० च्या दशकात एकाच तारेतून असा नग वळवणारं यंत्र केलं, आणि ते इतके स्वस्त झाले की औषधाच्या कंपन्या जाहिरात म्हणून फुकट वाटू लागल्या.

मला आवडणारा माझा नग याच जातीचा. आर्वी तालुक्यातल्या एका गावी जुन्या कंपाउंडरच्या घरचं सामान निघालं. मिक्श्चरच्या बाटल्या होत्या, कागदाच्या दातेरी डोसपट्ट्यांसकट. त्या काळी बाटली आपणच घरून न्यायची आणि बूच हरवलं तर कंपाउंडर ओरडायचा, हे आमच्या पिढीला आठवतं. त्या बाटल्यांच्या पेटीत तारेचा कॉर्कस्क्रू होता, माझ्या करंगळीएवढा. त्याच्या लाकडी नळीवर इंग्रजी अक्षरं छापलेली, अर्धी घामाने गेलेली. नळी पिळावरून काढली आणि वरच्या कडीत आडवी घातली की तीच मूठ होते. कंपाउंडरच्या सुनेने विचारलं, "हे कायले नेता जी? यानं तं साधं झाकणबी निघत नाही." मी तिला बूच असलेली एक बाटली उघडून दाखवली. बूच सत्तर वर्षांनी निघालं, आतला लाल रंग तळाला सुकून चिकटला होता. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, मग पुढच्या खेपेला नातवासाठी गोळ्या-बिस्किटं नेली. तो नग बाजारात पाचशेलाही जाणार नाही. मी पाच हजारांना देणार नाही.

सोडावाल्यांनाही विसरू नका. गोळी सोड्याची बाटली हायरम कॉड याने १८७२ मध्ये काढली, ती बूच टाळण्यासाठीच. त्याच्या आधीच्या सोड्याच्या बाटलीचा तळ गोल असे, उभी राहायचीच नाही. मुद्दाम आडवी पडावी, बूच ओलं राहावं, सुकून आकसू नये आणि वायू निसटू नये म्हणून. ही बाटली, कॉडची बाटली आणि गोळी दाबायचा लाकडी दट्ट्या शेजारी ठेवलात तर कॉर्कस्क्रू का आला आणि का गेला ते एका फळीवर दिसतं. दट्टे आपल्याकडे अजून मिळतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिले असतील तर मांडणीची कल्पना येईल. तिथे एकटा अडकित्ता काहीच सांगत नाही, शंभर बोलतात.

गंज. इथे माझा सल्ला माझ्या मूर्खपणातून आलेला आहे. थॉमेसन पद्धतीचा दुसरा नग मिळाला तेव्हा नळकांडं काळं पडलं होतं. जिनातल्या बफिंग व्हीलवर धरला, दोन मिनिटांत आरशासारखा. राजचिन्हाचा सिंह आणि शिंगाचा घोडा दोघेही गेले. आज त्या पत्र्यावर बोट फिरवलं तर फक्त सपाट लागतं. तेव्हा: चिंच नाही, लिंबू नाही, राख नाही, वायर ब्रश नाही, पॉलिश पेपर तर नाहीच. लोखंडी पीळ असेल तर फक्त पीळ घासलेटमध्ये दोन दिवस बुडवा. मूठ वर राहील असा बाटलीत टांगा, लाकडाला घासलेट लागता कामा नये. मग बांबूची काडी टोकदार करून वेढ्यांमधली पोपडी काढा. बांबू लोखंडाला ओरखडा पाडत नाही. खाली तपकिरी, घट्ट, गुळगुळीत थर दिसेल. तो गंज नाही, तो वस्तूचं वय आहे, तिथे थांबा. सुती कापडाने कोरडं करा आणि मधाच्या पोळ्याचं मेण अगदी पातळ चोळा. शिवणयंत्राचं तेल नको, त्याला धूळ चिकटते.

हाडाच्या मुठीला पाणी लावू नका. आपला मे महिना हाडाला तडकवतो आणि जुलै फुगवतो. कूलरच्या झोतासमोरची फळी तर सगळ्यात वाईट जागा, दुपारी कोरडी आणि रात्री ओली. माझे हाडाचे नग जाड लाकडी पेटीत, सुती कापडात, खालच्या मजल्यावर असतात. हाड आणि हस्तिदंत यात गल्लत होते म्हणून भिंगाने पाहा: हाडात बारीक काळे ठिपके आणि छोट्या रेषा असतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी दिसते. ती दिसली तर घेऊ नका. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि 'जुना आहे' हे उत्तर चालत नाही.

कायद्याचं आणखी एक. शंभर वर्षांपेक्षा जुनी कारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. तशी वस्तू घरी जपून ठेवण्यात गुन्हा नाही. पण अशा वस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या कोणी तुमच्या नगाला डॉलरमध्ये भाव दिला आणि 'जुनं हत्यार म्हणून पार्सल करा' म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका. परदेशचे मोठे संग्रह पाहायचेच असतील तर फ्रान्सच्या मेनेर्ब गावात कॉर्कस्क्रूंचं वेगळं संग्रहालय आहे, हजारावर नग. मी फोटोंवरच समाधान मानतो.

तुमच्या नगाचं आता एवढं करा. काहीही साफ करण्याआधी चकतीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, टॉर्च कडेने धरून. एक फोटो टोकाचा, एक मुठीतल्या भोकाचा. भोकात सुईने हलकं चाचपून पाहा, तळाला ब्रशचे तुटके केस लाखेत चिकटलेले असतात, ते राहू द्या. दुसरं म्हणजे पेटी. आजोबांकडे तो आला कुठून, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला या आठवड्यातच विचारा आणि वहीत तारखेसह लिहा. आजोबा कुणा साहेबाकडे खानसामा होते, दवाखान्यात होते, जिनात होते, की बाजारात गिरमिट समजून घेतलं? आणि पेटी झटकताना तळाचा जुना कागद फेकू नका. आर्वीच्या त्या कॉर्कस्क्रूची लाकडी नळी मला त्याच्याबरोबर नव्हतीच मिळाली. ती पेटीच्या तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली घरंगळली होती.